रिंगणातली वाट

फाल्गुन सरत आला होता. डोंगरउतारावर पळस पेटले होते; पानांचा मागमूस नाही, नुसता रंग, रक्तवर्ण, ज्वालावर्ण, उन्हाच्या डोळ्यांत डोळे घालून उभा. वारा निपचित पडला होता. आकाश निळं नव्हतं, पांढरं नव्हतं, तापल्या पत्र्याचं होतं. तांड्यावरच्या शेळ्या सकाळपासून उगाचच ओरडत होत्या.

सक्रीबाईचं तिकडे लक्ष नव्हतं. ती रंगवत होती.

साठी उलटेपर्यंत या हातात सुई होती. आरसे, कवड्या, लाल-निळ्या दोऱ्यांची दाट, देखणी, दिमाखदार नक्षी. तिच्या हातची ओढणी ओळखायला कुणाला नाव विचारावं लागत नसे. मग डोळ्यांनी दगा दिला. सुईचं नेढं धुकटलं, दोरा भलतीकडेच शिरू लागला, बोटाला टोचलेलं बोटालाच कळेना. म्हातारी नुसती बसून साऱ्या घरावर करवादायची. शेवटी तिच्या करवादण्याला कंटाळून सून झमकूनंच बाजारातून रंगाच्या बाटल्या आणल्या, एक कुंचला आणला, आणि सगळं सासूपुढे आदळलं. "घ्या, ह्याच्याशी भांडा आता!"

आणि काय सांगावं! भांडण राहिलं बाजूला, म्हातारी रंगाच्या प्रेमातच पडली. कापडावरच रंगवायची, तीही टाक्याटाक्यानं. ठिपका म्हणजे आरसा, रेघ म्हणजे धावदोरा. शहरातल्या रेगेबाई येऊन चित्रं नेऊ लागल्या, तेव्हा वरवर नाक मुरडायची आणि आतून फुलायची.

या तांड्यातल्या बायांची एक जुनी रीत होती. कापडाच्या मधोमध तांडा भरायचा, भोवती फुलांचं रिंगण भरायचं. पण रिंगण मिटवायचं नाही. दोन बोटांची फट ठेवायची. त्या फटीला म्हणायचं वाट. घरचं माणूस रानात आहे, परगावी आहे, तोवर वाट उघडी. सगळी परतली, चुलीपाशी टेकली, की मग शेवटचा टाका. सक्रीच्या आईनं तिला हे बोटांवर चापट्या मारून शिकवलं होतं.

हाताची सवय म्हणून चित्रातही फट राहिली होती. मागच्या खेपेला रेगेबाईंनी त्या फटीवरच बोट ठेवलं. "सक्रीबाई, रिंगण इथं अर्धवट वाटतं हो. एवढं पूर्ण करा ना." त्यांची गाडी उद्या येणार होती.

पहाटेच झमकू आणि देवली मोहाची फुलं वेचायला डोंगरात गेल्या होत्या. देवली सक्रीची लेक, झमकू लेकाची बायको. नणंद-भावजय असूनही दोघींचं गूळपीठ. टोपल्या डोक्यावर, हसणं वाऱ्यावर. दुपार कलली तरी दोघी आल्या नव्हत्या.

सक्रीनं फटीकडे पाहिलं. क्षणभर कुंचला थबकला. "वाट दोऱ्याला," ती स्वतःशीच पुटपुटली. "रंगाला कुठली आलीये रीत!" कुंचला लाल रंगात बुडाला. एक पळसाचं फूल, शेजारी एक फूल, मधोमध एक कळी. रिंगण मिटलं.

आणि वारा सुटला.

आधी वास आला, जळक्या पाचोळ्याचा, कडवट. मग शेळ्या एकदम गप्प झाल्या. शेजारची घमाबाई अंगणातून किंचाळली, "सक्री, डोंगर लागला गं!"

मोहाखालचा पाचोळा कुणीतरी पेटवला होता, फुलं नीट वेचता यावीत म्हणून. दरवर्षी पेटवतात, दरवर्षी विझतो. आज विझला नव्हता. डाव्या सोंडेवरून वणवा उतरत होता, उजव्या सोंडेवरून उतरत होता, आणि डोंगरातून परतायच्या एकुलत्या, नाल्याच्या पायवाटेकडे दोन्ही टोकं सरकत होती. डोंगरावरचे पळस कुठले आणि आग कुठली, ते आता ओळखू येत नव्हतं.

सक्रीनं चित्राकडे झेप घेतली. नखानं खरवडलं. पाण्यानं पुसलं. पदरानं घासलं. दोरा असता तर एका हिसक्यात उसवला असता. रंग वाळला होता, कापडाच्या हाडामांसात भिनला होता, हलायला तयार नव्हता. "उसव ना रे, मेल्या!" ती रंगावर ओरडली. तिला रडू कोसळलं.

मग तिला कात्री आठवली. कवड्यांच्या डब्यात पडलेली, गंजलेली, जन्मभराची सोबतीण. तिनं लाल फुलं मधोमध कापली. एक चीर. चिंचोळी, वाकडी, जेमतेम बोटभर.

नाल्याच्या तोंडाशी धूर फाटला. त्यातून देवली आली. अनवाणी, काळवंडलेली, टोपली नाही, ओढणी नाही. आईच्या अंगावर कोसळली.

"याडी..."

"झमकू कुठं हाय?"

"मागंच हाय. माझा हात धरून व्हती. वाट लई बारीक झाली, याडी. एकीलाच निघता येत व्हतं. तिनं मला म्होरं ढकललं."

सक्रीबाईनं लेकीला घमाबाईच्या हाती दिलं. मांडीवरच्या चित्रातली चीर पाहिली. बोटभर. एकीपुरती.

तिनं कात्री पुन्हा उचलली. बाया नाल्याकडे धावत होत्या, हाका मारत होत्या. डोंगर लाल, आभाळ लाल, तिचे हात लाल. तिनं वाट रुंद केली. अजून रुंद केली. "ये गं झमकू," ती म्हणत होती, "ये गं माय, मोठी केली बघ, ये." पळसाची फुलं तुटून मांडीवर पडली, मांडीवरून मातीत पडली. नाल्यापाशी धूर हलला. वाऱ्यानं हलला की माणसानं, तिच्या अधू डोळ्यांना कळेना.

ती कापत राहिली.