दोन किल्ल्यांचे कुलूप

मी एक जुने पितळी कुलूप आहे, मित्रांनो. मला दोन किल्ल्या आहेत आणि त्या हुबेहूब सारख्या आहेत. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच झाला.

एका कारागिराने मला घडवले. माझ्या पोटातले खटके बसवल्यावर त्याने मला कानाशी धरून किल्ली फिरवली. 'खट्' ऐकून तो समाधानाने हसला. पुढे एका सुताराने मला विकत घेतले. त्याने वस्तीच्या कडेला थोडी जागा घेऊन पत्र्याची शेड उभारली होती. तिथल्या फाटकाचा मी राखणदार झालो. काय माझा रुबाब होता! "हे कुलूप आहे म्हणून मला झोप लागते," असे सुतार गिऱ्हाइकांना सांगायचा आणि अधूनमधून मला थेंबभर तेल पाजायचा.

त्याला एक मुलगी आणि एक मुलगा. धाकट्याच्या खोड्या फार. एकदा त्याने माझ्या तोंडात आगकाडी खुपसली आणि ती आतच मोडली. सुतार संतापला. तेव्हा "काडी मी घातली," असे सांगून ताईने त्याचा मार स्वतःच्या पाठीवर घेतला. सुताराने काडी कोरून काढली, पण तिचा एक तुकडा माझ्या पोटात राहूनच गेला.

सुतार थकला तेव्हा त्याने दोन्ही मुलांना एकेक किल्ली दिली. "ज्याच्याकडे किल्ली, त्याने घरपट्टी भरायची," एवढेच तो बोलला. बिचाऱ्याला म्हणायचे होते, की दोघांनी मिळून भरा.

तो गेला, आणि ताईला वाटले, 'मी सासरी आलेली. माझ्याकडची जोडकिल्ली असणार, खरी धाकट्याकडे.' धाकट्याला वाटले, 'ताई मोठी. बाबांनी खरी किल्ली तिलाच दिली असेल.' विचारायला जावे, तर समोरच्याला वाटेल की हिचा किंवा ह्याचा जागेवर डोळा आहे, अशी दोघांनाही धास्ती. भीड भिकेची बहीण म्हणतात, ते खोटे नाही. दोघेही गप्प राहिले आणि पट्टी कुणीच भरली नाही.

माझे हाल कुत्रा खाईना. मला गंज चढला, कोळ्याने माझ्यावर संसार थाटला. वसुली कारकून यायचा आणि सुताराच्या नावाची नोटीस माझ्या कडीत खोचून जायचा. मेलेल्या माणसाची पत्रे वाऱ्याशिवाय वाचणार कोण?

शेवटी फाटकावर लिलावाचा कागद चिकटला. तो पाहून समोरच्या लाँड्रीवाल्या मावशींनी ताईला आणि धाकट्याला फोन केले. दुसऱ्या दिवशी दोघेही धापा टाकत फाटकाशी आले. कारकून तिथेच उभा होता.

"अरे, तू पट्टी भरली नाहीस?" ताईने विचारले.

"मी? ताई, खरी किल्ली तर तुझ्याकडे!"

"माझ्याकडे जोडकिल्ली आहे. ही बघ."

"मग ही कुठली?"

दोघांनी किल्ल्या शेजारी शेजारी धरल्या. दात न् दात सारखा होता.

"भांडण नंतर करा," कारकून म्हणाला. "आज कचेरी बंद व्हायच्या आत थकबाकी भरलीत, तर लिलाव थांबेल. आणि वारसनोंदीसाठी तुम्हा दोघांच्या सह्या लागतील. जागेचं खरेदीखत आहे ना?"

खरेदीखत आत शेडमध्ये, सुताराच्या हत्यारांच्या पेटीत होते. आणि मी काही केल्या उघडेना! दोन्ही किल्ल्या लावून झाल्या. धाकट्याने दगड उचलला. मित्रांनो, माझा जीव नुसता टांगणीला लागला.

"फोडू नकोस रे," ताई म्हणाली. "बाबांनी लावलेलं आहे ते."

धाकटा मोटार मेकॅनिक. त्याने गाडीतून तेलाची बुधली आणली. ताईने मला घट्ट धरले, त्याने तेल सोडून तार फिरवली. काळ्या तेलाबरोबर काडीचा एक चिमुकला तुकडा बाहेर आला. ताईला हसू फुटले. "ही बघ तुझी काडी!"

धाकटा मात्र हसला नाही. "मार तू खाल्ला होतास, ताई," तो म्हणाला. "सगळी पट्टी मी भरतो."

"वेडा आहेस का? अर्धी माझी. आधी किल्ली फिरव."

खट्! मी उघडलो.

संध्याकाळच्या आत निम्मी निम्मी थकबाकी भरली गेली आणि लिलाव टळला. पुढे वारसनोंदीत दोघांची नावे एकाखाली एक लागली. आता मला पुन्हा वेळच्या वेळी तेल मिळते, कधी ताईच्या हातून, कधी धाकट्याच्या.

मित्रांनो, आपल्या जुन्या वस्तूंना तेलपाणी करा. मोठ्यांनी मागे ठेवलेल्या जागेची पट्टी कोण भरते, हे मनातल्या मनात ठरवू नका, तोंड उघडून विचारा. खरी किल्ली कुणाची, हे त्या दोघांनी मला कधी विचारलेच नाही. मी तर दोघांच्याही किल्लीने उघडत होतो.