दुपारच्या बातम्यांच्या बाई

"बातमीपत्र चोख झालं," प्रशिक्षक म्हणाले, "पण एक सांगा, तुमच्याबरोबरची ही चार माणसं कशाला होती?"

शेजारच्या मुलीच्या हातून हिसकावून घेतलेला कीबोर्ड अजून बाईंच्या पुढ्यातच होता. बाकीचे खाली बघायला लागले. वृत्तवाहिन्यांच्या निर्मात्यांसाठी नेतृत्वाचं पाच दिवसांचं प्रशिक्षण होतं आणि आज तिसरा दिवस. कंट्रोल रूम खोटी, बातमीही खोटी, कारखान्यात स्फोट झाल्याची. बाईंनी मथळे स्वतः लिहिले, फोन स्वतः घेतले, निवेदकाच्या कानात स्वतः बोलल्या. सेकंदही इकडचा तिकडे झाला नाही. चौघं मात्र परक्या लग्नात शिरल्यासारखी भिंतीला टेकून उभी होती.

बाईंना ते लागलं. बावीस वर्षं दुपारचं बातमीपत्र त्यांच्याकडे होतं, त्यातली चौदा वर्षं त्यांनी ते एकहाती ओढलं होतं. आता वाहिनी चारही बातमीपत्रं त्यांच्याकडे सोपवणार होती. अट एवढीच, की प्रशिक्षण पुरं करायचं आणि स्वतःची खुर्ची दुसऱ्या कुणाला तरी द्यायची. नाही जमलं तर बाहेरचा माणूस येणार.

जेवणाच्या सुट्टीत प्रशिक्षक डबा घेऊन समोर येऊन बसले. तेही बातम्यांतच पिकलेले. माणसांवरचा विश्वास कधी उडाला, असं त्यांनी सरळच विचारलं. बाईंनी आधी हसण्यावारी नेलं. मग घास हातातच राहिला आणि त्या बोलायला लागल्या.

चौदा वर्षांपूर्वी एका अपघातात सहायकानं मृतांची नावं आणून दिली. बाईंनी एका शब्दानं न विचारता ती पडद्यावर सोडली. त्यातला एक जण जिवंत होता. अर्ध्या तासानं दुरुस्ती दाखवली.

"दुसऱ्या दिवशी त्याची बायको ऑफिसात आली. भांडली नाही हो. एवढंच म्हणाली, अर्धा तास मी विधवा होते."

"आणि सहायक?"

"काढून टाकला. तेव्हापासून सगळं मीच करते."

"त्याला प्रश्न विचारायला शिकवलं असतंत तर?"

बाईंनी डबा तसाच बंद केला.

घरी आल्यावर त्यांनी जाहीर केलं, उद्यापासून जाणार नाही. नवरा भाजी चिरत होता. मान वर न करता म्हणाला, "नको जाऊस. चौदा वर्षं ताप आला तरी सुट्टी घ्यायला घाबरतेस, तेच चालू दे." बाईंनी त्याच्याशी अबोला धरला आणि सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन बसल्या.

शेवटच्या दिवशी त्यांनी कीबोर्ड हिसकावून घेतलेल्या त्याच मुलीला खुर्चीत बसवलं आणि आपण मागे उभ्या राहिल्या. खोटा पूल कोसळला. फोनवरून कुणीतरी नऊ मृतांचा आकडा दिला. कोपऱ्यातल्या पडद्यावर दुसरी वाहिनी, तीही खोटीच, तो दाखवायलाही लागली.

"बाई, टाकू?"

बाईंच्या ओठावर उत्तर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"तू ठरव. हे कुणी सांगितलं? दुसऱ्या कुणी सांगितलं का?"

मुलगी गडबडली, मग तिनं इस्पितळाला फोन लावायला सांगितलं. निवेदकाला म्हणाली, "फक्त जखमी म्हणा. आकडा घेऊ नका." इस्पितळातून उत्तर आलं, मृत एकही नाही. प्रशिक्षकांनी वहीत काहीतरी लिहिलं.

सोमवारी त्यांनी आपल्या वाहिनीतल्या सहायक बाईला खुर्चीत बसवलं. सहा वर्षं ती नुसते कागद पोचवत आली होती. पहिल्या दिवशी एका मंत्र्याचं नाव चुकलं, दुसऱ्या दिवशी दृश्यं उशिरा आली. बाईंनी दात आवळून बातमीपत्र संपू दिलं आणि मग तिला शेजारी बसवून एकेक चूक उलगडून सांगितली. पुन्हा, पुन्हा, दहा दिवस.

अकराव्या दिवशी बातमीपत्राला पाच मिनिटं असताना बाई उठल्या. सहायक बाईनं वळून पाहिलं.

"कुठे निघालात?"

"खाली. काही लागलं तर आधी स्वतःला विचार. मग मला."

कँटीन रिकामं होतं. भिंतीवरच्या टीव्हीचा आवाज बंद होता. पडद्यावर मथळे सरकत होते. चहावाल्याला बाई या वेळी खाली कधी दिसल्या नव्हत्या.

"आज सुट्टी वाटतं?" कप ठेवत त्यानं विचारलं.

"नाही," बाई म्हणाल्या. "ड्यूटीवरच आहे."

आणि टीव्हीकडे पाठ करून त्या चहा प्यायल्या.