भिंतीवर न लागलेला तुकडा

मित्रांनो, एकदा अंगात घातल्यावर टोचतो म्हणून तुम्ही ज्याला पुन्हा हात लावणार नाही, असा मी एक जुना लोकरीचा शर्ट आहे. लाल-काळ्या चौकड्यांचा, जाडाभरडा, छातीवर झाकणाचे दोन खिसे. समोरून पाहाल तर अजूनही बरा दिसतो. पाठमोरा पाहाल तर हसाल, कारण कमरेखाली मागच्या बाजूला मी उरलेलोच नाही. ते कसं झालं, तेच सांगायचं आहे. मला एका जागी पडून राहणं सोसत नाही, घडी घातली की जीव कासावीस होतो. त्यामुळे सांगताना जरा इकडेतिकडे झालो तर सांभाळून घ्या.

माझा जन्म पेनसिल्व्हेनियातल्या एका नदीकाठच्या गिरणीत झाला. मागावर धागे ताणले जात होते तेव्हाची ओढाताण मला आठवते. कदाचित तेव्हापासूनच मी असा अस्वस्थ आहे. कोळशाच्या खाणीत काम करणाऱ्या स्टीव्ह हुडाकनी मला दुकानातून घेतलं, तेव्हा ते तिशीतले होते. वर्षातले पन्नास आठवडे मी खुंटीवर असे आणि दोन आठवडे त्यांच्या अंगावर. त्या दोन आठवड्यांसाठीच माझं आयुष्य होतं. नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगचा सण असे, त्याच्या नंतरच्या सोमवारी हरणाची शिकार सुरू होई. त्या दिवशी शाळांना सुट्टी, खाणीत निम्मी माणसं गैरहजर, आणि डोंगरातल्या आमच्या लाकडी खोपटात, ज्याला सगळे कॅम्प म्हणत, पहाटेपासून कॉफीचा वास.

त्या कॅम्पच्या एका भिंतीवर कापडाचे तुकडे खिळ्यांनी ठोकलेले होते. कारण असं की, ज्याचा नेम चुकेल त्याच्या शर्टाची शेपटी, म्हणजे पँटमध्ये खोचायचा तो मागचा लांब भाग, सगळ्यांसमोर कापायची, त्यावर नाव आणि साल लिहायचं आणि भिंतीवर लावायचं. एवढ्यावर सुटका नव्हती. दर वर्षी शिकारीच्या आदल्या संध्याकाळी एकेका तुकड्यासमोर उभं राहून ज्याच्या त्याने आपला नेम कसा चुकला ते पुन्हा सांगायचं. हसून हसून लोकांची पोटं दुखत. हुडाकांचा धाकटा मुलगा व्हर्न याचे तर सहा तुकडे होते. एकदा त्याने झाडाच्या बुंध्याला गोळी घातली होती आणि हरीण शेजारी उभं राहून बघत होतं.

माझी शेपटी मात्र चोवीस वर्षं शाबूत होती. लोक मला हात लावून बघत. खोटं कशाला सांगू, मला त्याचा गर्व चढला होता. शेजारच्या खुंटीवर आखूड शर्ट लटकत असले की मी उगाच हवेत हलत असे.

मग हुडाकांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला. जवळचं धुरकट आणि लांबचं त्याहून धुरकट. त्यांनी बंदूक खाली ठेवली आणि मी तीन वर्षं खुंटीवरच राहिलो. कॉलरला कसर लागली, डाव्या खिशात उंदराने बियांचा साठा केला. ती वर्षं मी कशी काढली ते माझं मला माहीत.

चौथ्या वर्षी त्यांची नात डार्लीन बारा वर्षांची झाली. बारा पूर्ण झाल्याशिवाय आमच्याकडे मुलांना शिकारीचा परवाना मिळत नाही, आणि ती आठव्या वर्षापासून मागे लागली होती. तिच्या बापाला जंगलाचा कंटाळा, तेव्हा शिकवण्याचं काम आजोबांकडे आलं. सगळी नातवंडं त्यांना पॅप म्हणत. उन्हाळाभर पॅपनी तिला कुंपणावरच्या रिकाम्या डब्यांवर नेम धरायला लावला. पुठ्ठ्यावर हरीण काढून पुढच्या पायाच्या मागे ओंजळीएवढी जागा कोळशाने काळी केली.

"इथेच," ते म्हणाले. "इथे जमत नसेल तर बंदुकीच्या घोड्याला हात लावायचा नाही. आणि लागलं, पण पडलं नाही, तर ते सापडेपर्यंत मागे फिरायचं नाही. मला गुडघ्यांवर रांगावं लागलं तरी."

"तुमचे गुडघे वाकतात तरी का, पॅप?"

"म्हणून तर म्हणतोय, नीट मार."

सोमवारी पहाटे त्यांनी मला तिच्या अंगात चढवलं. बाह्या चार वेळा दुमडल्या तरी हातांवर येत होत्या आणि माझी शेपटी तिच्या गुडघ्यांच्या मागे लोंबत होती. मला पुन्हा जंगल दिसणार म्हणून मी उतावीळ झालो होतो. ती माझ्याहून उतावीळ. ओकच्या झाडाखाली बसल्यापासून तिचा एक पाय हलत होता.

"काय होतंय?" पॅपनी विचारलं.

"तुमचा शर्ट चावतोय."

"नवीन माणूस आहे म्हणून. मलाही पहिल्या वर्षी ओरबाडलं होतं त्याने. हलू नकोस."

बर्फ पडलेलं नव्हतं. खाली ओकची तांबूस पानं पसरली होती आणि आभाळ भरून येत होतं. आठच्या सुमाराला उतारावर एक नर आला. लहानसा, सरळ दोन शिंगांचा. तिचं काळीज माझ्या खिशाखाली असं धडधडत होतं की मला वाटलं, हरणाला ऐकू जाईल. तिने नेम धरला. त्याने पाऊल उचललं आणि नेमकी तेव्हाच गोळी सुटली.

हरणाने पाठीला बाक काढला आणि ते झुडपांत शिरलं.

"लागलं?" पॅपनी विचारलं. त्यांना नुसती हालचाल दिसली होती.

"माहीत नाही."

दोघं तिथे गेली. "तू खाली बघ," पॅप म्हणाले, "मला पान आणि रक्त सारखंच दिसतं आता." ते डावीकडे काठी टेकत गेले. ती उजवीकडे उकिडवी बसली, आणि तिच्या आधी मला दिसलं. एका पानावर काळपट रक्त होतं आणि त्याला चिकटलेले चारपाच पांढरे, जाड केस. पांढरे केस पोटाचे असतात. पॅपनी तिला ते शिकवलं होतं. पोटात गोळी लागलेलं जनावर लगेच मरत नाही, हेही शिकवलं होतं.

तिने पानाकडे पाहिलं, मग हरीण शिरलं होतं त्या झुडपांकडे.

"आहे का काही?" पॅपनी हाक मारली.

"काही नाही, पॅप. चुकला माझा नेम."

आणि तिने ते पान उचलून माझ्या उजव्या खिशात घातलं, झाकणाचं बटण लावलं.

मित्रांनो, तिला काय वाटलं असेल ते मला कळत होतं. नेम चुकला म्हटलं की सगळे हसतात, शेपटी कापतात आणि संपतं. लागलं म्हटलं की झुडपांत जाऊन त्या डोळ्यांसमोर उभं राहावं लागतं. ती त्या डोळ्यांना भ्यायली होती. पण मी तुम्हाला खरं सांगायचं ठरवलं आहे, तर हेही सांगतो. त्या क्षणी मला हरणाची दया आली नाही. मला माझ्या शेपटीचीच काळजी लागली. नेम चुकलेलाच नाही आणि माझी चोवीस वर्षांची अब्रू जाणार, म्हणून मी आतल्या आत जळत होतो. हरीण मला आठवलं ते परतीच्या वाटेवर, खिशातलं पान ओलं लागलं तेव्हा.

दुपारी कॅम्पवर कोबीच्या पानात गुंडाळलेला खिमा गरम होत होता. व्हर्नने बातमी ऐकली आणि घास सोडून कात्री शोधायला धावला.

"या शर्टावर माझा केव्हापासून डोळा आहे," तो म्हणाला. "डार्लीन, तू माझ्यावर उपकार केलेस बघ. सहा तुकडे लावून आपल्या घरातला मी त्या भिंतीवर एकटा पडलो होतो."

"पोरीला आधी जेवू दे," पॅप म्हणाले.

"जेवेल हो. आधी सांगू दे. किती लांब होतं?"

"साठ पावलं," ती म्हणाली.

"साठ? अगं, साठ पावलांवर मी चपलेने मारलं असतं. मग? गोळी वरून गेली की खालून?"

तिने काही खाल्लं नव्हतं. एकदा खिशाला हात लावी, एकदा खिडकीबाहेर बघे. बाहेर वारा सुटला होता.

"वरून," ती म्हणाली.

"वरून. छान. आता दर वर्षी असंच सांगायचं, शब्द बदलायचा नाही. बदलला की दुसरा शर्ट कापणार." व्हर्नने मला मागून ताणलं. कात्रीचं थंड पातं मला लागलं.

"थांबा," ती म्हणाली.

"दुखत नाही गं त्याला."

"व्हर्नकाका, थांबा ना." तिने खिशाचं बटण काढलं आणि ते पान टेबलावर, पॅपच्या ताटाशेजारी ठेवलं. "मला हे मिळालं होतं. मी खोटं बोलले."

पॅपनी पान उचललं, नाकाशी नेलं, केस बोटांनी चाचपले. ते रागावले असते तर बरं झालं असतं असं मला वाटलं. ते फक्त म्हणाले, "पोटात लागलंय." मग घड्याळ डोळ्यांजवळ धरून बघितलं. "साडेबारा. पोटात लागलेल्याला तसंही तीनचार तास द्यावे लागतात. फार पळालं नसेल. पण पाऊस आला की रक्त धुऊन जाईल. बूट घाल."

"पॅप, तुम्ही..."

"बूट घाल, डार्लीन."

त्या दुपारइतकी घालमेल मी कधी अनुभवली नाही. तांबड्या पानांवर काळपट थेंब शोधायचे, तेही दहा दहा पावलांवर एक. नियम असा की शेवटच्या थेंबापाशी खूण बांधायची, मग पुढचा शोधायचा, म्हणजे चुकलं तर परत येता येतं. व्हर्नचा रुमाल एका खुणेतच संपला.

"आता काय बांधायचं?" तो म्हणाला.

डार्लीनने मागे हात नेला, माझी शेपटी पुढे ओढली आणि पॅपसमोर धरली. "हे कापा."

पॅपचा हात थबकला. माझ्यासारखाच त्यांनाही त्या शेपटीचा अभिमान होता. मी मनात म्हणत होतो, माझ्या बाहीचा तुकडा घ्या, खिसा घ्या, ते नको. त्यांनी चाकू काढला आणि एक पट्टी कापली. मग दुसरी. अकरा पट्ट्या झाल्या माझ्या, अकरा फांद्यांवर. चौथ्या पट्टीनंतर मी हळहळणं सोडलं आणि तिच्याबरोबर थेंब शोधू लागलो. मला वाटे, मला खाली वाकता यावं.

पावसाचे पहिले थेंब पडले तेव्हा ओढ्याकाठी, हेमलॉकच्या झाडाखाली ते दिसलं. बसलेलं होतं. मान वर होती. त्याने आमच्याकडे पाहिलं, उठायचा प्रयत्न केला आणि त्याला उठता आलं नाही.

व्हर्नने बंदूक उचलली. या वेळी तो थट्टा करत नव्हता. पॅपनी त्याच्या दंडावर हात ठेवला आणि नातीला म्हणाले, "व्हर्न करेल. तू मागे वळलीस तरी चालेल. मी तुला काही म्हणणार नाही."

ती रडत होती. तिने डोळे माझ्या बाहीला पुसले, जोरात पुसले, कारण रडताना नेम धरता येत नाही.

"माझं आहे ते," ती म्हणाली.

या वेळी पाय हलत नव्हता. गोळी त्या ओंजळीएवढ्या जागेत बसली आणि मान खाली गेली.

शाबासकी कुणी दिली नाही. पॅपनी टोपी काढली, व्हर्ननेही काढली. मग पॅपनी तिला पोट कसं चिरायचं, आतडी कशी काढायची ते दाखवलं, आणि गोळी कुठून गेली होती तेही दाखवलं. तिने सगळं बघितलं. तिघांनी मिळून हरीण पावसातून ओढत आणलं तेव्हा मी भिजून दुप्पट जड झालो होतो आणि मागून वारा लागत होता.

कॅम्पवर चुलीजवळ मला वाळत घातलं. तिथून सगळं ऐकू येत होतं. व्हर्न म्हणाला, "नेम चुकलाच नाही, तेव्हा भिंतीवर काही लावायचं नाही. आणि लावायला उरलंय तरी काय?"

डार्लीन त्या तुकड्यांकडे बघत बसली होती. तशीच बघत तिने विचारलं, "पॅप, मी बोलले नसते तर तुम्हाला कळलं असतं?"

पॅपनी विचार केला. "नाही."

"कधीच?"

"कधीच नाही. तू म्हणालीस काही नाही, म्हणजे माझ्यासाठी काही नव्हतं."

"आणि ते तिथे बसून राहिलं असतं. आणि मला दर वर्षी इथे उभं राहून सांगावं लागलं असतं, गोळी वरून गेली. आणि तुम्ही सगळे हसला असतात."

"हो," पॅप म्हणाले. "मीही हसलो असतो."

त्यांनी तिला जवळ घेतलं. ती पुन्हा रडली आणि मग एकदाची जेवली.

मित्रांनो, आता मी डार्लीनच्या घरी एका पेटीत असतो. ती मोठी झाली आहे. शिकारीला जाते, पण नव्या, न टोचणाऱ्या शर्टात. तुमच्या घरी माझ्यासारखा जुना कपडा असेल तर त्याला अंधारात कोंडून विसरू नका. अधूनमधून उन्हात घाला, वारा लागू द्या. आणि आणखी एक विनंती आहे. तुमच्या हातून कुणाला लागलं असेल आणि ते फक्त तुम्हालाच ठाऊक असेल, तर उजेड आहे तोवर बोला. ते पान साडेचार तास माझ्या खिशात होतं आणि मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.