सरांना अकरा गुण

ज्या पेशंटनं मला नापास केलं, तो जन्मालाच आलेला नव्हता. हे घरी सांगितलं तेव्हा बाबांनी शांतपणे विचारलं, "मग आलेल्यांचं काय करशील?"

मी अनेकांत मगदूम, राहणार जयसिंगपूर. कोल्हापुरातल्या एका कॉलेजात वाचा-उपचार शिकतो. म्हणजे तोतरी बोलणारी पोरं, घसा बसलेले मास्तर, आणि अर्धांगवायूनंतर ज्यांचे शब्द डोक्यात असतात पण जिभेपर्यंत पोचत नाहीत अशी माणसं, यांना बोलतं करायचं. आमचे विभागप्रमुख डॉ. अमरसिंह सरनोबत. सरांच्या परिचयपत्रात दोन परदेशी शहरं आहेत. गारगोटी नाही. सर मूळचे गारगोटीचे, हे कॉलेजात सगळ्यांना ठाऊक आहे. सगळ्यांना ठाऊक आहे, हे फक्त सरांना ठाऊक नाही.

सरांनी गेल्या वर्षी दारावर 'सर्जनशील व तंत्रज्ञानाधारित अध्यापन' असा फलक लावला आणि फलक एकटा पडू नये म्हणून एक पेशंट विकत आणला. पेशंट म्हणजे भिंतीएवढ्या पडद्यावर दिसणारा साठीचा गृहस्थ. नाव श्रीयुत मोहन. शर्ट इस्त्रीचा, अर्धं अंग लुळं, आणि बोलणं अडखळत असलं तरी बातम्या दिल्यासारखं शुद्ध. विद्यार्थ्यानं समोर बसून त्याला बोलतं करायचं. कोपऱ्यात गुण आपोआप पडत जातात. शंभरपैकी पन्नासला पास.

प्रात्यक्षिकाच्या दिवशी मी खुर्ची ओढली आणि म्हणालो, "नमस्कार काका. गाव कुठलं?"

पडद्यावर लाल अक्षरं आली. 'अप्रस्तुत प्रश्न.'

"बरं बरं. चहा झाला का?"

'अप्रस्तुत प्रश्न.'

"सोबत कोण आलंय?"

त्यावर यंत्रानं अप्रस्तुतला उद्गारचिन्ह जोडलं. मला एकतीस गुण पडले.

मी सरांच्या खोलीत गेलो. म्हणालो, सर, खरा पेशंट असाच बोलायला लागतो. आपल्याच दवाखान्यातले गणपतराव घ्या. पन्हाळ्याच्या पायथ्याचे, दूधवाले. तुम्ही चार आठवडे त्यांना सफरचंदाचं चित्र दाखवलंत, त्यांनी चार आठवडे खिडकीकडं बघितलं. पाचव्या आठवड्यात मी विचारलं, म्हस किती लिटर देती? तर म्हणाले, "च... चौदा." अर्धांगवायूनंतरचा पहिला शब्द. म्हैस नऊ देत होती, पण वाचा आली होती.

सरांनी चष्मा पुसला. "मशीन कुणाचं पावणं नसतं, मगदूम. आकडा पडला की पडला. समोर विद्यार्थी असो नाहीतर मी असो."

इथवर मी सहन केलं असतं. पण दुसऱ्या दिवशी सरांनी माझ्या परीक्षेचं चित्रीकरण खालच्या वर्गाला दाखवलं. 'काय करू नये' या पाठाखाली. 'चहा झाला का' इथं तीनदा थांबवून. तेव्हापासून मी जिन्यानं निघालो की वरच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडायचं, "मगदूम, चहा झाला का?" मी पहिले दोन दिवस झाला म्हणून सांगत होतो.

प्रात्यक्षिक राहिलं की जानेवारीत हॉस्पिटलातली नेमणूक नाही. अख्खी बॅच खरी माणसं तपासायला जाणार आणि मी सहा महिने श्रीयुत मोहन यांच्यासमोर बसणार. त्या संध्याकाळी मी सूड घ्यायचा ठरवला. वहीत तशी नोंदही केली, कारण मी विसराळू आहे.

सूड आपल्या पायानं चालत आला. विद्यापीठाची तपासणी समिती येणार होती आणि त्यांनी आधीच कळवलं होतं, पेशंट स्थानिक हवा. सरांनी मला बोलावलं. "इथल्या माणसासारखा बोलणारा, वागणारा पेशंट तयार करायचाय. संगणकाचं काम तुझ्या वर्गातली ऐश्वर्या बघेल. वागण्याचे नियम तू लिही. तू सध्या मोकळाच आहेस."

मी म्हणालो, "हो सर."

आता सूड म्हटलं की माणूस बिघाड करतो. तारा तोडतो. मी रात्रभर नाही, दुपारभर विचार केला आणि माझ्या लक्षात आलं की खोटं काहीही केलं तर पकडले जाऊ. म्हणून मी पूर्णपणे प्रामाणिक राहायचं ठरवलं. पेशंट तंतोतंत खरा करायचा. एका माणसाला एवढ्या थंड डोक्यानं कुणी अचूकपणा वापरून मारलं नसेल.

मी गणपतरावांकडं गेलो. आवाज आणि स्वभाव दोन्ही पाहिजेत म्हणालो. एव्हाना ते अडखळत का होईना, बरंच बोलत होते.

"त्या... सराला... शिव्या द्यायच्या काय?" त्यांनी आशेनं विचारलं.

"न्हाय तात्या. तुम्ही फक्त तुमच्यासारखं ऱ्हायचं."

त्यांच्या बायकोनं, बाळाबाईंनी, कपाळावर हात मारला. "मग शिव्याच बऱ्या की वो. ह्यास्नी चाळीस वर्षं मी सोसतीया."

तीन आठवडे मी त्यांच्या सोप्यात बसून नियम लिहिले. गाव विचारल्याशिवाय बोलायचं नाही. समोरच्यानं गाव विचारलं तर त्याचंही गाव विचारायचं, मग कुणाचं कोण ते विचारायचं. समोरच्यानं टाळलं तर भिंतीकडं तोंड. लहान पोराचं चित्र दाखवलं तर रुसायचं. आवाज चढवला तर कायमचं रुसायचं. मी काहीही वगळलं नाही, गणपतरावांच्या ओळखीच्या माणसांची नावंसुद्धा. गणपतराव घरच्या माणसापुढं शब्दाला झटतच नाहीत, नुसतं बोट करतात आणि बाळाबाई तांब्या आणतात, हेसुद्धा लिहिलं. ओळख फार वाढली की बोलणं बंद, बोट सुरू.

पडद्यावरच्या माणसाचं नाव आम्ही गुंडूतात्या ठेवलं. फेटा, बंडी, लुळा उजवा हात मांडीवर, शेजारी तांब्या, मागं खिडकी. सुरुवात चाळीसला, पेशंट बोलला की गुण वर, गप्प बसला की खाली.

ऐश्वर्या नियम भरता भरता थांबली. "अन्या, सर हे नियम वाचणार हायत का?"

"मी दिलेत टेबलावर."

"वाचणार हायत का विचारलं."

"सर माझं लिहिलेलं कशाला वाचतील?"

तिनं खुर्ची माझ्याकडं वळवली. मग म्हणाली, "तू दिसतोस तेवढा बावळट न्हाइस." माझ्या आयुष्यातली ही सगळ्यात मोठी शाबासकी आहे.

समिती आली. दोन गृहस्थ आणि अध्यक्ष म्हणून तेजस्वी मॅडम, पांढरे केस, हातात जाड वही. मागं सगळे विद्यार्थी. सरांनी अर्धा तास भाषण केलं आणि शेवटी म्हणाले, "यंत्र भेदभाव करत नाही. मी स्वतः परीक्षा देऊन दाखवतो." मी कुणालाही ढकललं नाही. सर स्वतःच्या पायानं खुर्चीत जाऊन बसले.

"नमस्कार. तुमचं नाव सांगा."

गुंडूतात्यांनी सरांना पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. बोलले नाहीत.

"हे काय आहे?" सरांनी सफरचंद दाखवलं.

"तु... तुम्ही... कुठलं?" गुंडूतात्या म्हणाले.

"मी डॉक्टर आहे."

"कु... कुठलं?"

"ते महत्त्वाचं नाही. हे फळ कोणतं?"

गुंडूतात्यांनी सावकाश भिंतीकडं तोंड केलं. फेट्याचा शेमला तेवढा आमच्याकडं राहिला. कोपऱ्यातला आकडा चाळीसवरून घसरायला लागला. सरांनी आवाज चढवला, "आजोबा! इकडं बघा!" भिंतीकडूनच उत्तर आलं, "ब... बहिरा... न्हाय मी."

अकरा.

मी या क्षणासाठी आरशासमोर चेहऱ्याचा सराव केला होता. दुःख, थोडं आश्चर्य. मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "सर, चहा झाला का?" सराव वाया गेला.

तेजस्वी मॅडमनी वहीत अकरा लिहिलं. अंकी आणि अक्षरी.

सर घाम पुसत म्हणाले, "यंत्रात दोष आहे. ज्यानं बनवलं त्यालाच बसवून बघा. हा मुलगा एकदा नापास झालेला आहे."

"बसू दे की," मॅडम म्हणाल्या. "याची फेरपरीक्षाच धरू. पडेल तो आकडा."

मी आनंदानं बसलो. नियम माझे असले तरी या पडद्यासमोर मी पहिल्यांदाच बसत होतो. ऐश्वर्यानं मघाचं सगळं पुसून गुंडूतात्यांना पुन्हा सरळ केलं.

"राम राम तात्या. गाव कुठलं म्हणायचं?"

"प... पन्हाळ्या...खालचं. तुमचं?"

"जयसिंगपूर. मगदुमांचा."

"मग... मगदूम? बा... बापूसो मगदूम?"

"चुलते माझे."

"आरं!" गुंडूतात्यांचा अर्धा चेहरा उजळला. "म्हंजी... आ... आपलंच की!"

आकडा सेहेचाळीस. चार राहिले. मी माजलो होतो. म्हणालो, "आपलंच तात्या. म्हस काय म्हणती? वैनी बऱ्या हायत? तब्येतीला जपा, मी हाय की."

गुंडूतात्या हसले आणि गप्प झाले. मग त्यांनी तांब्याकडं बोट केलं.

मी विचारलं, "काय पायजे?" त्यांनी पुन्हा बोट केलं. खिडकीबद्दल विचारलं, खिडकीकडं बोट. आकडा उतरायला लागला. चव्वेचाळीस. एक्केचाळीस. ओळख फार वाढली की बोलणं बंद, बोट सुरू. मीच लिहिलं होतं. अक्षरसुद्धा चांगलं काढलं होतं. तीन आठवडे घासूनपुसून धार लावलेला प्रामाणिकपणा माझ्याच मानेवर आला होता, आणि सर पहिल्यांदा हसले.

चौतीस. घरच्या माणसापुढं हे बोलणार नाहीत. बोलले तर परक्यापुढं बोलतील. आणि परका माणूसही असा पाहिजे, ज्याला घरच्यानं पावणा म्हणून आणून बसवलंय. मी खोलीभर बघितलं. ऐश्वर्याला आणि तिनं चाचणीला बसवलेल्या बाकीच्या पोरांना यंत्र ओळखत होतं. समितीला परीक्षेत बसवता येत नव्हतं. गुंडूतात्यांना परका असा एकच माणूस शिल्लक होता.

"सर," मी म्हणालो, "जरा इथं येऊन बसता काय?"

"कशाला?"

"पावणं म्हणून."

सर दाराकडं निघाले. मी खरंच घाबरलो. ते गेले असते तर मी गेलो असतो. पण तेजस्वी मॅडमनी वहीवर पेन आपटलं. "डॉक्टर, विद्यार्थ्याची परीक्षा चालू आहे. बसा."

सर बसले. मी गुंडूतात्यांकडं झुकलो. "तात्या, हे पावणं आल्यात लांबनं. पहिल्यांदाच आल्यात."

गुंडूतात्यांचं बोट खाली आलं. "या... या. कु... कुठलं?"

सर गप्प. आकडा एकोणतीस. अख्खी खोली सरांकडं बघत होती. बोलले नाहीत तर एका पोराला डोळ्यांदेखत बुडवल्याचं समितीच्या वहीत जाणार होतं.

"गारगोटी," सर म्हणाले.

"मोठ्यानं, सर," मी म्हणालो. "यंत्राला ऐकू येत न्हाय." यंत्राला व्यवस्थित ऐकू आलं होतं.

"गारगोटी!"

"कु... कुणाचं?"

"शालूबाईंचा."

"शेती... हाय न्हवं? ऊस... का भात?"

"भात हाय. थोडा ऊस."

हाय. सरांच्या तोंडून पडलं आणि मागची सगळी बाकं हसली. मी सगळ्यात आधी हसलो, हे मान्य करतो. तिकडं गुंडूतात्यांना कंठ फुटला होता. पाण्याचं विचारलं, खताचं विचारलं, एकेक शब्द ओढून काढत होते आणि आकडा चढत होता. त्रेचाळीस. सत्तेचाळीस. पन्नास.

पन्नासला मला थांबता आलं असतं. खुर्चीच्या हाताला लाल बटण असतं, दाबलं की परीक्षा संपते. मी हात मांडीखाली घेतला.

"तात्या," मी म्हणालो, "पावण्यास्नी पोराबाळांचं विचारा की."

"पोरं... किती?"

"एक मुलगी," सर म्हणाले.

"गावाकडं... कवा... गेलतासा?"

सरांनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत विनंती होती. मी ती नीट पाहून घेतली, खालच्या वर्गाला दाखवण्यासारखी होती.

"दोन वरसं झाली," सर म्हणाले.

"दो... दोन? आई... काय म्हणत असंल वो?"

कुणी हसलं नाही. सरांनी मान खाली घातली. "फोनवर रडती," ते म्हणाले. शुद्ध, अशुद्ध काही राहिलं नव्हतं त्यात.

मला तिथं थोडं वाईट वाटलं. साधारण चार गुणांएवढं. तेवढं वाटून झाल्यावर आकडा बघितला, सत्त्याहत्तर होता. मग मी बटण दाबलं.

तेजस्वी मॅडमनी निकालपत्र भरलं. मगदूम, सत्त्याहत्तर, उत्तीर्ण. त्याखाली सरनोबत, अकरा, आणि पुढं बारीक अक्षरात, फेरपरीक्षा होईपर्यंत परीक्षक म्हणून नेमू नये. दोन्ही ओळींखाली विभागप्रमुखांची सही लागते. सरांनी पेन घेतलं. आधी माझ्या ओळीवर सही केली, मग स्वतःच्या. दुसरी जरा वाकडी आली.

सगळे पांगल्यावर ते माझ्याजवळ आले. "झालं समाधान?"

मी प्रामाणिकपणे विचार केला. एकतीस आठवले, चित्रीकरण आठवलं, जिना आठवला.

"न्हाय सर," मी म्हणालो. "पण तुम्ही शनिवार-रविवार गारगोटीला जाऊन या. सोमवारी फेरपरीक्षेत गुंडूतात्या विचारणार, आणि त्यांना थाप मारलेली कळती. नियम मीच लिहिलाय."