गुरुवारचा रोजा

थोरल्या भावाच्या घरी जायला लव्वालीने नेमका गुरुवार धरला. बायको टल्ले म्हणालीही, "उद्या जा की. रोजा नसेल, त्यांच्याकडे चार घास खाऊन याल." तर हा गडी म्हणतो, "चांगल्या कामाला उशीर कशाला?" आणि टोपी चढवून निघाला.

शाबान सरत आला होता, रमजान तोंडावर होता. मशिदीतले धर्मगुरू मल्लम म्हणाले होते, "सोमवार-गुरुवारचे रोजे धरून रमजानची तयारी करताय, छान आहे. पण मनातली अढी तशीच ठेवून कसली तयारी?" ते लव्वालीच्या जिव्हारी लागलं. म्हणून त्याने भावाला निरोप धाडला होता, येतो म्हणून.

अढी दोन वर्षांची. भावजय देलूने त्याच्या पाच वर्षांच्या उवानीला आपल्या हाताने बाजरी-ताकाचा फुरा पाजला आणि दुसऱ्या दिवशी पोरगी जुलाबांनी गेली. तेव्हा अख्ख्या मोहल्ल्यात पटकी होती, आठवड्यात अकरा माणसं गेली. लव्वालीला हे काय ठाऊक नव्हतं? पण मयतीला जमलेल्या माणसांत तो बोलून बसला, "वहिनीच्या पळीने माझी पोर खाल्ली." आणि कुणाला बोलला? जिने त्याला सात वर्षांचा असल्यापासून वाढवलं, तिला. त्या दिवसापासून जाणंयेणं तुटलं.

दुपार कलल्यावरची असरची नमाज आटोपून तो भावाच्या अंगणात शिरला. थोरला भाऊ तानिमू कडुनिंबाखाली जपमाळ ओढत होता. त्याने चटईवर जागा केली. देलू दारात येऊन उभी राहिली.

"वाट चुकलास का रे?"

"नाही वहिनी. माफी मागायला आलोय. त्या दिवशी जे बोललो, ते बोलायला नको होतं."

देलू आत गेली आणि भोपळ्याचं मोठं भांडं घेऊन आली. बाजरीचे गोळे दाट ताकात कालवलेले, वर सुंठ-लवंगेचा वास. लहानपणी या वासाने तो झोपेतून उठून बसायचा. तिने भांडं त्याच्यापुढे ठेवलं आणि पळीचा दांडा त्याच्याकडे वळवला.

लव्वालीने पळीला हात लावला नाही. "वहिनी, आज माझा रोजा आहे."

तानिमूची माळ थांबली.

"रोजा? तुझा?" देलू म्हणाली. "रमजानात दुपारपासून आभाळ बघत बसणारा तू."

"सुधारलोय जरा."

"बरं झालं. मग बस. सूर्य हातभर उरलाय. इथेच सोड."

"घरी टल्ले वाट बघेल."

"निरोप धाडतो," तानिमू म्हणाला.

आता मात्र गडी पुरता अडकला. देलूने भांड्यावर विणलेलं झाकण ठेवलं, समोर बसली आणि अगदी हळू विचारलं, "की पळीची भीती अजून आहे?"

आज न खाता उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं तर पुन्हा या घरात येणं नाही, हे तिघांनाही कळत होतं. तानिमू मान खाली घालून म्हणाला, "दोन वर्षं हिने घरात फुरा केलेला नाही. मी मागितला तरी नाही. तुझा निरोप आला, तेव्हा आज बाजरी कुटली."

सावली लांबत चालली. झाकणावर माश्या बसत होत्या, देलू त्या हाकलत होती. आपल्या खुशीने धरलेला रोजा यजमानाचं मन राखायला सोडता येतो, हे लव्वालीला पोरवयापासून पाठ होतं. देलूलाही होतं. तिने तो विषय काढला नाही, एवढा तिचा मोठेपणा.

मग त्याचं त्यालाच उमगलं. शुक्रवार होता, शनिवार होता; आपण गुरुवारच का धरला? इथे तोंडात काही घालावं लागू नये म्हणून. अल्लाच्या नावाचा रोजा धरला आणि त्याच्याआड लपून बसलो. लव्वालीला स्वतःची किळस आली. बांग झाल्यावर प्यायलो, तर सुटका नव्हती म्हणून प्यायलो असंच होईल. माफी मागितली म्हणायला तोंड राहणार नाही.

मशिदीच्या मनोऱ्यावर अजून ऊन होतं. त्याने झाकण बाजूला केलं, पळी भरली आणि बिस्मिल्ला म्हणून तोंडाला लावली. पहिला घोट घशाखाली उतरेना. उवानीचा चेहरा डोळ्यांपुढे आला. त्याने डोळे मिटले आणि गिळला. मग दुसरी पळी भरली.

"अरे, बांग व्हायचीय अजून," देलू म्हणाली. तिचा आवाज फाटला होता.

"माहीत आहे, वहिनी."

"दिवसभराचा रोजा वाया घालवलास."

"तो सकाळीच वाया गेला होता."

देलूने ओढणी तोंडाशी धरली आणि ती हुंदके देऊन रडायला लागली. लव्वालीही रडत होता, पळी हातात तशीच. तानिमूने दोघांकडे पाठ फिरवली आणि तो नमाजाआधीच्या वजूसाठी उगाचच लोटा शोधायला लागला.

थोड्या वेळाने बांग झाली. देलूचाही रोजा होता, हे लव्वालीला तेव्हा कळलं. तिने डोळे पुसले, त्याच्या हातातली उष्टी पळी घेतली, न धुताच भरली आणि दोन वर्षांनी फुऱ्याचा पहिला घोट घेतला.