दोन हजार वर्षं सव्वा महिन्यात

काकांच्या विहिरीभोवती एवढी माणसं जमली होती की मागच्यांना पुढचं काही दिसत नव्हतं. पुढचा कोणीतरी मोबाइलवर लाइव्ह करत होता. त्यामुळे मागचे लोक विहिरीपासून वीस फुटांवर उभे राहून ती विहीर मोबाइलमध्ये बघत होते आणि मोबाइललाच हात जोडत होते.

विस्तवावर लोखंडी पत्रा लालभडक झाला होता. पक्वानंद महाराजांनी चिमूटभर पिवळे कण त्यावर टाकले. निळसर ज्योत उठली आणि काडेपेट्यांचा कारखाना पेटावा तसा वास सुटला. लोक खोकले. महाराजांनाही खोकला आला, पण त्यांनी तो मंत्रात बसवला.

"कच्चं आहे," डोळे मिटून ते म्हणाले. "या सोन्याचं वय नऊ हजार वर्षं. पिकायला अकरा हजार लागतात."

"मंग दोन हजार वर्षं थांबायचं का?" शेजारच्या चांगुणाबाईनं विचारलं. ती सत्तरीची आहे, तोंडात कायम पान असतं.

"सव्वा महिना. बाकीची वर्षं मी भरतो."

लोकांनी माना डोलावल्या. बँकेत व्याजाचा एक रुपया चुकला तर मॅनेजरची कॉलर धरणारी ही माणसं. दोन हजार वर्षांचा हिशेब त्यांनी महाराजांच्या बोलण्यावर सोडून दिला.

झालं होतं असं. वडीगोद्रीच्या पुढं, हायवे सोडून आत आमचं गाव आहे. तिथं माझे चुलते, मच्छिंद्र काका, विहीर खोल करत होते. सुरुंग उडाला आणि काळ्या दगडाची एक पोकळी फुटली. आत पांढरे स्फटिक, त्यावर चमकणारे पिवळे कण. काकांनी तो दगड धोतरात गुंडाळला आणि मेहुण्याला फोन लावला. मेहुणा म्हणजे मुकुंदमामा, संभाजीनगरात बँकेत अधिकारी. मामा दुसऱ्याच दिवशी महाराजांना गाडीत घालून आले. एप्रिलच्या उन्हात ते टाय लावून आले होते, त्यामुळे गावाचा उरलासुरला संशयही गेला.

महाराज सांगत होते, "पृथ्वीच्या पोटात गरम पाणी असतं. त्यात सोनं विरघळतं. पाणी भेगांतून वर येतं, निवतं आणि सोनं मागं ठेवून जातं."

"हायड्रोथर्मल," मामा म्हणाले. "प्रूव्ह झालेलं आहे हे."

मला राग त्याचाच येतो. तेवढं वाक्य खरं होतं. खरं वाक्य दारात उभं केलं आणि त्याच्या आडून चोर घरात शिरला.

पुढं अटी आल्या. पहिली अट: "दूध दह्यानं लागतं. तसं सोन्याला सोन्याचंच विरजण लागतं." बायकांना हे लगेच पटलं, कारण रोज रात्री त्या तेच करतात. गळ्यातलं, कानातलं निघालं. माझ्या काकूनं, तुळजाबाईनं, तिच्या आईची बोरमाळ दिली. महाराजांनी शालीच्या आडोशाला मडकं भरलं, कणकेनं तोंड लिंपलं आणि दोरानं विहिरीत सोडलं. थोड्याच वेळात खालून बुडबुडे आले. मग वाफ आली. विहिरीचं गार पाणी मडक्याभोवती उकळायला लागलं.

"शिजून राह्यलंय," कोणीतरी म्हणालं, आणि बायका रडल्या.

दुसरी अट: "मोसंबीची सावली गार असते. गारव्यात सोनं पिकत नाही. बाग काढावी लागेल. एक झाड जरी उभं राहिलं तरी पुढचं माझ्यावर नाही."

ती बाग काकूची. काकांनी खड्डे घेतले होते तेवढंच. दुष्काळात टँकरच्या पाण्यातली घागर वाचवून झाडांना घालणारी ती. आत्ता कुठं फांद्यांना लिंबाएवढी फळं लागली होती.

मी वडीगोद्रीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. चुलत बहीण तृप्ती, म्हणजे काका-काकूंची पोरगी, नांदेडला कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवते. वडलांना ती दादा म्हणते. तिला फोन केला.

"तृप्ते, तुझे दादा बाग तोडणार हायेत."

"कशापायी?"

"सोन्याला सावली होऊन राह्यली."

"सोम्या, प्यायलायस का तू?"

"न्हाई. हितं तेवढंच काय ते कमी पडलंय."

महाराज सोन्याचं वय पुन्हा तपासायला आले, त्याच दिवशी तृप्ती पोहोचली. काकांनी सकाळीच पहिली ओळ तोडली होती. हिरवी फळं मातीत पडली होती आणि काकू ती पदरात गोळा करत होती. आता त्यांचं काहीच होणार नव्हतं.

महाराज जीपमधून उतरले, आडवी झाडं बघितली आणि त्यांचा चेहरा उतरला. "खरंच तोडली?" ते म्हणाले.

मला तेव्हा कळलं. ही अट पाळायची नव्हतीच. फळावर आलेली बाग कोण तोडतं, असा त्यांचा अंदाज होता. काकू आडवी पडेल, झाडं राहतील, सोनं पिकणार नाही आणि जन्मभर गाव म्हणेल, तुळजाबाईमुळं सगळ्यांचं सोनं गेलं. ठगाचाही अंदाज चुकला, कारण काकांचा विश्वास त्याच्या थापेहून मोठा निघाला.

तृप्ती वाद घालत बसली नाही. तिनं काडेपेटीतून पिवळी पूड काढली. "महाराज, आमच्या ओळखीच्यांच्या रानातलं आहे. वय सांगता का?"

महाराजांनी पूड पत्र्यावर टाकली. ना ज्योत, ना वास. त्यांनी डोळे मिटले. "पिकलेलं. सोळा हजार वर्षं. द्वापारयुगातलं."

मामांनी ते वहीत लिहून घेतलं.

"मामा, लिहिताय तर पूर्ण लिहा," तृप्ती म्हणाली. "काल सोम्यानं गाडीची डुप्लिकेट चावी करून घेतली. तिचा पितळी भुसा आहे तो."

मी चावी वर धरली. "गाडी एकोणीसची हाय," मी म्हणालो. "द्वापारयुगात शोरूम होतं का, ते माहीत न्हाई."

आता बाबा पळतील असं मला वाटलं. पण महाराज शांतपणे म्हणाले, "चावी कालची. पितळ मात्र द्वापारातलंच." आणि गर्दीतल्या निम्म्या माना पुन्हा हलल्या. एवढा संताप मला आयुष्यात आला नव्हता.

तृप्ती आईकडं वळली. "आई, खलबत्ता आण."

काकूनं तो आणला. तृप्तीनं विहिरीतले पिवळे कण खलात टाकले. "हाण."

काकूनं बत्ता हाणला. कणांचा भुगा झाला, काळपट.

"हे सोनं नाही. लोखंड आणि गंधक आहे. माक्षिक म्हणतात याला. तापवलं की गंधक जळतं, त्याचाच तो वास. याचा वयाशी काही संबंध नाही."

"मंग सोनं कसं वागतं?" चांगुणाबाईनं विचारलं.

काकूनं कोणाला न विचारता कानातली उरलेली एक कुडी काढली. मोती उपटून बाजूला ठेवला आणि सोनं खलात टाकून दोन घाव घातले. ते चपटं झालं, पसरलं, पण फुटलं नाही. तिनं तो पिवळा पापुद्रा तळहातावर घेऊन नवऱ्यापुढं धरला.

"बघा. सोनं मार खातं, पण भुगा होत न्हाई."

काका खाली बसले.

"मडकं वर काढा," चांगुणाबाई म्हणाली. महाराज सव्वा महिन्याचं काहीतरी बोलत होते, पण दोर आता पोरांच्या हातात होता. मडकं वर आलं. बुडाला भोक होतं. कणीक फोडली तर आत पांढरा लगदा. चांगुणाबाईनं काडीच्या टोकावर घेऊन निरखला. पन्नास वर्षं पान खाणाऱ्या बाईला प्रयोगशाळा लागत नाही.

"चुना हाय," ती म्हणाली.

कळीच्या चुन्याचे कोरडे खडे. भोकातून पाणी शिरलं की ते तापतात, फसफसतात, वाफ सोडतात. दागिन्यांचं मडकं शालीआड बदललं होतं आणि ते त्याच दिवशी महाराजांच्या एका शिष्याबरोबर गेलं होतं. यावर मला एक विनोद सुचला होता. बायकांचे मोकळे गळे बघून तो केला नाही.

पोलीस आले. जादूटोणाविरोधी कायदाही लागला. शिष्यही सापडला, पण सोनं वितळवून झालं होतं. बोरमाळ नाही, डोरलं नाही, नुसती एक पिवळी पट्टी.

संध्याकाळी काका आडव्या झाडांपाशी बसले होते. त्यांनी लेकीला विचारलं, "खरं वय काढता येतं का पण?"

"येतं, दादा. सोन्याचं थेट काढणं फार अवघड. पण त्याच गरम पाण्यातून त्याच्यासंगं अभ्रकासारखी खनिजं तयार झालेली असली, तर त्यांच्यातलं थोडं पोटॅशियम ठरलेल्या गतीनं आर्गॉन वायूत बदलत राहतं. किती बदललं ते मोजायचं. आणि एक साधी गोष्ट बघायची. भेग भिंतीपेक्षा जुनी नसते. आपला हा काळा दगड लाव्हाचा, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. आणि एवढं करून आम्ही खाली लिहितो की यात इतक्या लाख वर्षांची चूक असू शकते."

"चूक असू शकते, असं लिहिता?"

"लिहावंच लागतं."

"तो एकदाबी म्हणला न्हाई तसं," काका म्हणाले.

काकू एका खोडापाशी उभी होती. "ही आठ वर्षांची होती," तिनं एवढंच सांगितलं आणि काकांच्या शेजारची कुऱ्हाड उचलून घरात नेली.

मुकुंदमामा त्याच रात्री परत गेले. जाताना मला म्हणाले, "हा भोंदू निघाला रे. पण एक खरे महाराज आहेत माझ्या माहितीत."

म्हणून हे लिहितोय. मामांसारखे टायवाले तुमच्याही घरात आहेत आणि पुढचा महाराज कदाचित आत्ता त्यांच्या गाडीत बसत असेल. तो शास्त्राचे शब्द तुमच्याहून जास्त बोलेल. त्याला घाबरू नका. फक्त विचारा, "महाराज, तुमचं चुकलं तर ते आम्हाला कशावरून कळेल?" डॉक्टर याचं उत्तर देतो, मास्तर देतो, माझी बहीण तर न विचारता लिहून देते. ज्याच्याकडं उत्तर नाही त्याला सोनं तर लांबच, चहासुद्धा पाजू नका.