दोघांची गिनती

‘मुलाखत देणाऱ्याशी नातं’ या रकान्यात रीनाने पेन्सिलीने ‘ओळखीचे गृहस्थ’ असं लिहिलं आणि वही मिटून टाकली.

गोंदियातल्या अभ्यास केंद्राच्या व्हरांड्यात तिचा बाप कवडू खुर्चीच्या अगदी कडेला टेकला होता. गुन्हेगारी न्याय आणि बंदी-सुधारणा या अभ्यासक्रमाची आज तोंडी परीक्षा. शिक्षा भोगून आलेल्या माणसाची मुलाखत लिहायची आणि त्याला सोबत आणायचं, असा सरांचा दंडक. बाकीच्यांनी असा माणूस शोधायला गावं पालथी घातली. रीनाच्या घरातच तो होता. पाटाच्या पाण्यावरून झालेल्या मारामारीपायी सात वर्षं जेलात काढलेला, सुटून नऊ वर्षं झालेला.

“नातं नोको सांगू,” कवडू पुन्हा पुटपुटला.

“काऊन, बा?”

“तुले जेलात शिपाई व्हायचं हाये ना? बाप तिथलाच निघाला, त कोन घेईल तुले?”

रीनाला राग आला, आणि तो बापाचा नव्हे, आपण त्याचं ऐकलं याचा. वर्षभर दर रविवारी कामठ्याहून सायकल दामटत ती इथे आली, ती काय तोंड लपवायला?

तेवढ्यात परीक्षक आले. निवृत्त जेलर. अंगात साधाच सदरा, पण आवाज खणखणीत.

“किती जण आहेत?”

कवडू झटकन खुर्चीवरून उतरला आणि जमिनीवर उकिडवा बसला. गुडघे जुळवलेले, मान खाली, शेजारी एका माणसापुरती जागा सोडलेली. पोरं फिसकन हसली.

“चाचा, कुर्सी पे बैठो ना!”

रीनाने हे स्वतःच वहीत लिहिलं होतं. संध्याकाळी गिनतीला, म्हणजे डोकी मोजायला, बंदी जोडीजोडीने उकिडवे बसतात. ‘गिनती झाली’ म्हणेपर्यंत कोणी उठत नाही. लिहिताना ती नुसती माहिती होती.

ओढणी सावरून ती त्या मोकळ्या जागेत उकिडवी बसली.

“उठ पोरी. लोकं पाहून राहिले.”

“पाहू दे.”

परीक्षक थबकले. हसणंही थांबलं.

“मुलाखत यांचीच का? कोण हे तुमचे?”

“माझे वडील, सर.”

खोडरबर शोधायच्या भानगडीत ती पडली नाही. पेन्सिलीच्या अक्षरांवरच तिने शाईने ‘वडील’ असं ठळक लिहिलं आणि वही वर धरली. परीक्षकांनी ती वाचली, काखेत धरली.

“या आत, दोघंही.”

रीना उठली. कवडू मात्र मान खाली घालून तसाच बसलेला. तिने हात पुढे केला.

“गिनती झाली, बा. चाल.”